नाकातलं वजन

खोकं कानाशी धरून मी हलवलं, तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी विचारलं, "नाकात वजन घातलंय का?"

मी वळले. उंच, किंचित पोक काढून उभा, हातातली छत्री बुटांवर ठिबकतेय... आणि चेहरा असा, की जणू प्रश्न त्याने नाही, मीच विचारला होता.

"अजून सीलसुद्धा फोडलेलं नाही," मी म्हटलं. "वजन काय आपोआप जाऊन बसेल?"

"नाही... म्हणजे... मला एवढंच विचारायला सांगितलंय."

"कोणी?"

तो काही बोलणार, एवढ्यात दुकानदार काका काउंटरवरून ओरडले, "भांडू नका रे, एकच खोकं आहे त्या विमानाचं! तीन इंजिनं, तिन्ही शेपटीकडे. पंधरा वर्षांत दुसरं आलं नाही माझ्याकडे."

छोटी प्रवासी विमानं, खऱ्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाची, सुटे भाग आणून जोडायची. आणि मग मासिकात लिहायचं की कोणता किट घ्यावा नि कोणता आल्या पावली परत करावा. हे माझं काम. खोकं हलवून बघते ते आत काही तुटलंय का म्हणून. आणि नाकातलं वजन ही तर आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. इंजिनं शेपटीकडे असली की नाकात शिशाचे छर्रे बसवावे लागतात, तेही विमानाचे दोन अर्धे चिकटवायच्या आधी. विसरलात की विमान पुढचं चाक उचलून शेपटीवर बसतं, कुत्रं बसतं तसं. मग एक तर ते फोडा, नाहीतर जन्मभर शेपटीखाली काडी टेकवून ठेवा.

दुकानाच्या छताला दोऱ्यांनी टांगलेली विमानं असतात. त्या दिवशी पंखा बंद होता, दारही लोटलेलं होतं. तरी ती सगळी हळूहळू वळली आणि आम्हा दोघांकडे नाकं करून थांबली. काकांनी वर बघितलं, मग पटकन बिलाच्या वहीत डोकं घातलं.

"कॉफी घेऊ या का?" तो म्हणाला. "खोकं तुम्ही घ्या. मला फक्त उत्तर द्या."

समोरच्या हॉटेलात काचेवरून पाणी ओघळत होतं. तो विमानतळावर खुर्च्या दुरुस्त करायचा, खऱ्या विमानातल्या. खिडक्यांच्या अडकलेल्या झडपाही.

"मग खूप फिरला असाल."

"छे! विमान उभं असतं तेव्हाच मी आत असतो." तो हसला. हसताना त्याची डावी भुवई एकटीच वर जाते. परीक्षण करणाऱ्या बाईच्या नजरेतून असं काही सुटत नाही. "तुम्ही 'कॅप्टन' वाचता का हो? मासिकात किट्सवर लिहितात ते?"

मी कप खाली ठेवला. "का?"

"मी त्यांना पत्रं लिहितो. दोन वर्षं झाली. छान उत्तरं देतात, सविस्तर. आज इथे त्यांनीच पाठवलं मला."

'कॅप्टन' म्हणजे माझे बाबा. भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे, जन्मात कधी विमानात बसले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून त्यांचं सदर मी लिहिते, त्यांच्याच सहीने. आणि वाचकांच्या एकाही पत्राला मी कधी उत्तर दिलेलं नव्हतं.

त्याने खिशातून काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर चंदेरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "शनिवारी चार वाजता दुकानात जा. एक मुलगी खोकं कानाशी धरून हलवेल. तिला विचार, नाकात वजन घातलंय का."

अक्षर बाबांचं होतं. जरा मागे कललेलं, नकाशावर नावं घालतात तसं सुटं सुटं. पेन्सिलही ओळखीची होती. गडद प्लास्टिकवर खुणा करायला बाबा ती वापरायचे. ती त्यांच्या अर्धवट राहिलेल्या शेवटच्या किटमध्ये होती, आणि त्या खोक्याला मी स्वतः चिकटपट्टी लावून वर सही ठोकली होती.

"ही चेष्टा असेल तर फार वाईट आहे," मी म्हटलं.

"चेष्टा करायला मला काय ठाऊक, की मुलगी इतकी..."

"इतकी काय?"

"...रागीट असेल."

मी हसले नाही. जे होतं ते सांगून टाकलं. त्याचा हात कपाकडे जाता जाता मध्येच राहिला.

"गेले?" तो हळूच म्हणाला. "मग मला पत्रं कोण लिहितंय?"

घरी आई माझ्या झग्याची शिवण उसवत बसली होती. मी सरळ विचारलं, "आई, बाबांच्या नावाने पत्रं कोण लिहितं?"

"मी." तिने मानसुद्धा वर केली नाही. "मासिकवाले गठ्ठा पाठवतात, तू फडताळात टाकतेस. वाईट दिसतं ते. पंचवीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून चिमटे हातात दिलेत, तेवढं येतं मला. आणि तू तरी कोणाच्या नावाने लिहितेस गं?"

मी काळा पुठ्ठा पुढे केला. आईने चष्मा चढवला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग शिवण बाजूला ठेवली.

"हे माझं नाही."

"आई..."

"मी निळ्या पेनने लिहिते, विचार त्याला. आणि अक्षर ह्यांच्यासारखं काढायला मी कधी बसले नाही, तेवढा धीर नव्हता." पुठ्ठ्यावरून तिचं बोट फिरलं. "हे ह्यांचंच आहे."

बाबांच्या खोलीचं दार तीन वर्षं बंद होतं. दाराखालच्या फटीतून वास येत होता... ओल्या गोंदाचा, ताज्या. आम्हा दोघींनाही तो आला. मी पाणी प्यायला गेले, आईने दिवा लावला.

पुढच्या आठवड्यात तो चार वेळा भेटला. निमित्तं काय एकेक! एकदा म्हणे छत्री विसरली, ती त्याच्या हातातच होती. एकदा निळ्या पेनची सगळी पत्रं घेऊन आला. खरंच, एकावरही चंदेरी अक्षर नव्हतं. चौथ्या दिवशी आम्ही एका छत्रीतून चाललो होतो, माझा उजवा खांदा भिजत होता, आणि त्याने न बोलता छत्री अशी कलती धरली की त्याचा डावा पार ओलाचिंब झाला. तेव्हा मला कळलं की माझी काही खैर नाही.

"तुमच्या बाबांचं ते खोकं उघडायचं का?" त्याने विचारलं.

मी थांबले. "तो किट जोडला की बाबांचं शेवटचं काम संपेल. मासिकात 'कॅप्टन' छापून येतं ना, तोवर मला वाटतं, ते आत टेबलाशी बसलेत. ते थांबलं की... ते खरेच जातील." हे मी कोणालाच बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही.

"मग नको उघडायला. मी थांबतो."

"किती दिवस?"

"खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस आहे मी. बसून राहायची सवय आहे."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. म्हटलं, "रविवारी ये. सकाळी दहाला."

रविवारी आईने स्वतः कुलूप काढलं. खोलीत लख्ख ऊन होतं, सगळीकडे धूळ होती, फक्त टेबल स्वच्छ होतं. खोक्यावरची माझी पट्टी जशीच्या तशी, सही अख्खी. त्याने बोटाने तपासली आणि माझ्याकडे बघितलं. मी पातं फिरवलं.

आत विमानाचे दोन अर्धे शेजारी शेजारी पडले होते. बाजूला चंदेरी पेन्सिल, टोक काढलेली, आणि पेन्सिलीचा चिमूटभर भुसा. खोक्याच्या काळ्या पुठ्ठ्याच्या अस्तराचा एक तुकडा सरळ कापून काढलेला. आणि नाकात, पुटीच्या गोळ्यात नीट बसवलेले शिशाचे छर्रे. मी खोकं बंद केलं त्या दिवशी ते नाक रिकामं होतं. मी शपथेवर सांगते, रिकामं होतं!

ही पुटी दोन रंगांची असते, एकत्र मळली की तासाभरात दगड होते. मी बोट टेकवलं. ती मऊ होती. तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता, मधोमध आडवी रेघ. बाबांच्या अंगठ्याला पात्याने कापल्याचा वण होता, तिथेच.

मागून त्याने माझा दंड धरला. त्याचा हात थंडगार होता, पण त्याने सोडला नाही.

आईने त्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला, अगदी अलगद. "ह्यांचं सगळं ऐनवेळी," ती म्हणाली. "लग्नाआधीचं ते पहिलं विमान अजून काडीवर उभं आहे." मग तिने पदराने डोळे टिपले आणि एक स्टूल ओढून टेबलापाशी बसली, पूर्वी बसायची तिथेच.

आमच्या घरची पद्धत आहे, विमान बंद करायच्या आधी आतून सही करायची. मग ती कोणालाच कधी दिसत नाही. एका अर्ध्यात बाबांची सही आधीच होती. खिडकीवाल्याने (मनात मी त्याला हेच म्हणायचे) चंदेरी पेन्सिल उचलली आणि सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, "पत्र मिळालं. आलो."

मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तू?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी टोक टेकवलं. मग लिहिलं, "बाबा, मला हा आवडतो. आता तुम्ही निघालात तरी चालेल."

त्याने वाचलं. डावी भुवई एकटीच वर गेली, आणि कान लाल झाले.

"मलाही," तो म्हणाला. "म्हणजे... पहिल्या दिवसापासून. तू डाफरलीस तेव्हापासून."

आईने तोवर दुसऱ्या अर्ध्याच्या कडांना गोंद लावला होता. "गोंद सुकतोय," ती म्हणाली. "आधी चिकटवा, मग बोला."

दोन अर्धे जुळवून आम्ही दोन्ही बाजूंनी धरले, त्याची बोटं माझ्या बोटांवर. गोंद धरेपर्यंत सोडायचं नसतं. आतून एकदाच, हलकेच टक् असा आवाज आला. मग खोलीतला गोंदाचा वास विरत गेला. आमच्या हातांत ओला गोंद होता, तरी गेला. मी रडले. पण दार बंद करावंसं मला वाटलं नाही.

पुढच्या महिन्याचं परीक्षण मी असं संपवलं: "भाग नीट जुळतात. खिडक्या स्वच्छ आहेत. विमान तिन्ही चाकांवर उभं राहतं, काडी लागत नाही. नाकातलं वजन कोणी घातलं ते मला माहीत आहे. – कॅप्टनची मुलगी."