लाल सुताचा जोड

"धबधबा चोरीला गेला!" पाव्या जंगलवाटेतच ओरडला.

"धबधबा म्हणजे काय सायकल आहे?" प्रोफेसरने चष्मा सावरला. पण झुडपं बाजूला सारून त्याने पाहिलं आणि चष्मा काढून पुन्हा पुसला. काळ्या कड्यावरून धो धो कोसळणारं पाणी करंगळीएवढ्या धारेनं गळत होतं!

पाव्या बेकरीवाल्याचा मुलगा, प्रोफेसर शंकांचं भांडार, आणि तिसरी खार. झाडावर सरसर चढते म्हणून तिला ते नाव पडलं होतं. ही जागा खरं तर तिची. गेल्या सुट्टीत प्लंबरमामाने तिला इथे आणलं होतं आणि शपथ घालून बजावलं होतं, "तुझ्या दोन मित्रांशिवाय कुणालाही सांगायचं नाही हं!"

शेजारच्या बुद्धमंदिराच्या पायरीवर म्हातारे भंतेजी रिकामी बादली घेऊन बसले होते.

"चार दिवस झाले, बाळांनो. चाळीस वर्षं धबधब्याच्या आवाजात झोपलो, आता डोळाच लागत नाही!"

"तक्रार नाही केली?" खारने विचारलं.

"केली ना. नवा हॉटेलवाला म्हणतो, आमचं पाणी बोअरचं. नगराध्यक्षबाई म्हणतात, डोंगर आटला असेल. असंच राहिलं तर मंदिराला कुलूप लावून मला खाली गावात यावं लागेल."

तिघं तडक कडा चढले. वर दगडांचा बांध घालून पाणी अडवलेलं आणि त्यातून एक जाडजूड पाइप उतारावर गेलेला! खार पाइपच्या जोडाशी वाकली आणि तिथेच थबकली. जोडावर लाल सूत गुंडाळलेलं होतं.

जोड गळू नये म्हणून सगळे प्लंबर पांढरं सूत वापरतात. लाल वापरणारा एकच, तिचा मामा. "काम आपलं, तर ते लांबूनही ओळखू आलं पाहिजे," असं तो ऐटीत सांगायचा. सूत कसं गुंडाळायचं तेही त्यानेच तिला शिकवलं होतं.

"कुणाचं काम असेल गं?" पाव्याने विचारलं.

"मला काय माहीत!" खार म्हणाली. या दोघांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

गावात येताच तिने मामाचं दुकान गाठलं. "मामा, कड्यावरच्या जोडाला लाल सूत आहे."

मामाच्या हातातला पाना थांबला. "अगं, हॉटेलवाला म्हणाला, थोडंसंच पाणी घेणार..."

"शपथ तूच घातली होतीस ना! आणि तूच जाऊन जागा दाखवलीस?"

मामाने मान खाली घातली. मग स्वतःच्या गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला, "उद्या पहाटे जाऊन काढतो. तुझी शपथ! तोवर कुणाला बोलू नकोस."

खारचा जीव भांड्यात पडला. मामा चुकला होता, पण मामा होता! ती कुणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा कड्यावर चढले. पाइप जागच्या जागी होता! वर ताज्या फांद्या टाकलेल्या. जोडावर कोरी करकरीत पांढरी टेप. मामा शब्दाप्रमाणे पहाटे आला होता, पण पाइप काढायला नव्हे, लाल सूत झाकायला!

खार मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मग नाक पुसत तिने मित्रांना सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललीस?" प्रोफेसर चिडला.

"मला वाटलं, तो माझ्याशी खोटं बोलणार नाही."

पाव्याने चुटकी वाजवली. "आज चार वाजता हॉटेलच्या दारातल्या नकली धबधब्याचं उद्घाटन आहे! आणि आमच्या बेकरीत केकचा लाल रंग डबाभर आहे!"

"बँड वाजला की ओतायचा," प्रोफेसर म्हणाला. "भाषण संपेपर्यंत रंग खाली पोचेल!"

पाव्या आणि प्रोफेसर डबा घेऊन कड्यावर गेले आणि चार वाजता खार हॉटेलच्या दारातल्या गर्दीत उभी होती. झडप उघडायला मामाच होता. खारला पाहून तो हसला, नेहमीसारखाच! तिला ते हसू सहन झालं नाही.

"हे पाणी आमच्या स्वतःच्या बोअरचं बरं का!" हॉटेलवाला छाती फुगवून सांगत होता. तेवढ्यात त्याच्या मागे धबधबा लालभडक झाला! उद्घाटनाला आलेल्या नगराध्यक्षबाईंच्या साडीवर लाल शिंतोडे उडाले.

"बोअरला केकचा रंग कसा लागला?" खार ओरडली. "तो आम्ही वर कड्यावर ओतलाय, बुद्धमंदिराशेजारी!"

"पोरटी थापा मारतेय!" हॉटेलवाला गडबडला.

"पाइप कुणी टाकला?" बाईंनी दरडावून विचारलं.

खार मामाकडे पाहत राहिली. एवढं तरी तो स्वतःहून सांगेल! मामा चपलांकडे बघत उभा राहिला.

"जोडावरची पांढरी टेप काढून बघा," ती म्हणाली. "खाली लाल सूत आहे."

लाल सूत कुणाचं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

संध्याकाळच्या आत सगळी वरात कड्यावर पोचली. मामा जोडाशी बसला. सवयीने त्याने मागे न बघताच हात पसरला. त्या हातात नेमका पाना ठेवणं, हे खारचं लहानपणापासूनचं काम. तिने पाना उचलला आणि शेजारच्या दगडावर ठेवला.

"तिथे ठेवलाय," ती म्हणाली आणि खाली उतरली.

बांध फुटला आणि धबधबा गर्जत कोसळला! "शाबास रे पोरांनो! माझंच चुकलं, मी डोंगराला दोष दिला," असं म्हणत बाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. भंतेजींनीही आशीर्वादाला हात उचलला, पण आशीर्वाद अर्ध्यावर असतानाच ते पायरीवर बसल्या बसल्या घोरू लागले! पाव्या आणि प्रोफेसर खो खो हसत सुटले.

खारही हसली. वरून मामाने हाक मारली, "खारे!" पाण्याच्या आवाजातही तिला ती ऐकू आली. तिने मान वर केली नाही.