साखळी

तैवानमधल्या काओशुंग बंदराजवळचं ते हॉटेल म्हणजे फिरतीवरच्या विक्रेत्यांचं दुसरं घर. याओ-चिन उजेड असतानाच तिथं पोचली आणि सहाव्या मजल्यावरची शेवटची खोली तिने मुद्दाम मागून घेतली.

तिचा नवरा मिंग-हान शिलाई यंत्रांचे सुटे भाग विकायचा. निम्मा महिना याच खोलीत काढायचा. ती रोज फोनवर विचारायची, "दाराला साखळी लावलीस का?"

"छे. तू अचानक आलीस तर बाहेर ताटकळशील ना."

"मी कशाला मरायला येतेय तिथं!"

गेल्या वर्षी टॉवेल आणलेत म्हणून कुणीतरी दार वाजवलं आणि त्याने उघडलं. चोराने पाकीट नेलं, घड्याळ नेलं आणि तिचा माणूसही नेला.

"ताई, आधी दार वाजवा," सफाईवाल्या आ-लान मावशी गाडी ढकलत आल्या आणि हळूच म्हणाल्या. "आत कुणी असलं तर त्याला निघायला वेळ मिळतो."

हॉटेलच्या खोलीत एखादा मेलेला माणूस रेंगाळत असला तर त्याला वाट द्यायची, म्हणून तिथं सगळेच तसं करतात. पण त्याने निघून जाऊ नये म्हणूनच तर ती आली होती. तिने दार न वाजवता उघडलं.

आत नुसता साबणाचा वास होता. "आले बघ मी," ती पलंगावर बसून म्हणाली. एसी घरघरत राहिला. तिला आपलंच हसू आलं, मग रडू आलं. शेवटी चहाला गरम पाणी आणायला ती कप घेऊन बाहेर पडली.

परत येऊन तिने कार्ड लावलं. दार दोन बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लागली होती. फटीतून हिरव्या तेलाचा वास आला. डोकं दुखलं की मिंग-हान ते कपाळाला चोळायचा.

"कोण...?"

गरम पाणी तिच्या हातावर सांडलं. "मी आहे रे... याओ-चिन."

मग थकलेला आवाज आला, "ती कशाला येतेय इथं... मी आता कुणालाच उघडत नाही."

"खरंच मी आहे. उशीर झाला मला... उघड ना." तिने फटीत बोटं घातली. साखळी बर्फासारखी गार होती.

"काय झालं ताई?" मावशी धावत आल्या.

"साखळी काढायला सांगा त्याला."

मावशींनी नुसता हात लावला आणि दार सताड उघडलं. "कसली साखळी? ती पोलिसांनी नेली. पुन्हा बसवलीच नाही."

चौकटीवर स्क्रूंची रिकामी भोकं होती. आत कुणी नव्हतं. फक्त पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूचं पांघरूण दुमडून ठेवलेलं होतं. घरी ती त्याच बाजूला झोपायची.

"दुसरी खोली देते, चला," मावशी कुजबुजल्या.

"नको. तेवढं दार ओढून घ्या."

याओ-चिन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मावशींची गाडी दूर गेली. मग तिच्या पाठीमागे, आतल्या बाजूने, साखळी सरकवल्याचा आवाज आला.