अकराव्या विहिरीतला माणूस

"आगा इनायत, उठा. तुमच्या वहीतला एक जिवंत माणूस मेलेला सापडलाय."

नहरीच्या बुजलेल्या विहिरी उपसणारा उस्ता बरात दारात उभा होता. केसांपासून पायापर्यंत माती. इनायत अंगणातल्या बाजेवर बसून साखरेचा खडा चहात बुडवत होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो सहसा कोणासाठी उठत नसे.

"कोण?"

"यदुल्ला मुकन्नी. अकराव्या विहिरीखाली."

इनायतने खडा बशीत ठेवला आणि उठला.

तीस वर्षं तो नोंदणी कचेरीत कारकून होता. नूकाबाद गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता. एकाच नावापुढची जागा त्याला भरता आली नव्हती. यदुल्ला, ओळीने विहिरी पाडून त्या तळातून जोडत भुयारी नहर खोदणारा मुकन्नी, साठ वर्षांपूर्वी बायको आणि पाच वर्षांची मुलगी टाकून कुवेतला पळून गेला होता. मेल्याची खबर आली नाही, त्यामुळे सरकारदरबारी तो अजून जिवंत होता. वय वर्षं एक्याण्णव.

"यदुल्लाच कशावरून?"

"बोटात अकीकाची अंगठी होती. त्याच्या मुलीने, तूबा खानमनी ओळखली. त्यांच्या आईच्या माहेरची."

शहरातून पोलीस आले, नाकाला रुमाल लावून खाली डोकावले आणि म्हणाले, एवढा जुना अपघात, त्यात गुन्हा कसला आणि गुन्हेगार कुठला! हाडं नातेवाइकांना देऊन, सही घेऊन ते जेवणाच्या वेळेआधी परत गेले.

तूबा खानम मात्र सरळ इनायतकडे आली. पासष्ट वर्षांची, गावात कोणाचं ऐकून न घेणारी बाई. आज ती विचारायला आली होती.

"परवा शुक्रवारी दफन. मुल्ला विचारतोय, कबर कुठे खणायची."

"तुमच्या आईच्या, जवाहिर खानमच्या शेजारी जागा आहे ना?"

"आहे. पण आईने मरताना माझा हात धरून शब्द घेतलाय. तो कधी परत आलाच, तर माझ्या शेजारी त्याला ठेवू नकोस. साठ वर्षं मीही त्या माणसाला शिव्याच दिल्या, आगा. तुम्ही मला एवढंच सांगा. तो आम्हाला टाकून गेला होता की नाही?"

"विहिरीत मिळाला म्हणजे गेला नव्हता, खानम."

"मग आईने पाहिला तो कोण?"

जवाहिरने काय पाहिलं, ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. नहरीचं काम चालू असलं की यदुल्ला विहिरीजवळच्या खोपीत झोपायचा. एका पहाटे जवाहिर गच्चीवर गेली आणि तिला नवरा सडकेकडे जाताना दिसला. तपकिरी कोट, हातात बोचकं, पाठ गावाकडे. तिने तीनदा हाक मारली. त्याने मान वळवली नाही.

"चेहरा दिसला होता?"

"पाठ दिसली. बायकोला नवऱ्याची पाठ कळत नाही का?"

इनायतने जोडे पायात घातले.

अकराव्या विहिरीपर्यंत चालायला त्याला तासभर लागला. खाली उतरणं त्याच्या नशिबी नव्हतं, म्हणून तो रहाटाशेजारच्या दगडावर बसला आणि बरातला खोदून खोदून विचारू लागला.

"ही विहीर पुराने बुजली असं गाव म्हणतं."

"गावाने खाली उतरून बघितलंय का? पुराने गाळ येतो, थरावर थर. इथे गाळाचं नाव नाही. तळाला मोठे धोंडे, वर बारीक दगड, सगळं कोरडं. ही विहीर माणसाने भरलीये, आगा."

"आणि तो कुठे होता?"

बरातने काटकीने मातीत रेघा ओढल्या. अकराव्या विहिरीतून डोंगराकडे एक नवी फांदी काढली होती, पाणी वाढवायला. तिचं तोंड कोसळलं. यदुल्ला आत अडकला. मागे अख्खी फांदी होती, त्यामुळे हवा होती. भिंतीतून पाणी झिरपत होतं.

"मग त्याने बाजूने नवं भोक पाडायला घेतलं," बरात म्हणाला. "दहाव्या विहिरीच्या रोखाने. गावाच्या दिशेने. रांगत जाण्याएवढं. नऊ हात अगदी सरळ आहे, माझ्या बापाला जमलं नसतं इतकं सरळ. पुढे मात्र डावीकडे वाकतं. पाच हात वाकडं गेलंय, तिथे तो होता. कुदळ हातात."

"एवढा कसबी माणूस वाकडा का गेला?"

"दिवा संपला असेल. आम्ही दिवा पाठीमागे ठेवतो आणि मधून मधून वळून बघतो. दिवा दिसला म्हणजे बोगदा सरळ. त्याचा दिवा फांदीच्या तोंडाशी होता. कोरडा ठणठणीत."

"त्या दिव्यात तेल किती मावतं?"

"दीड दिवसाचं."

"आणि सरळ गेला असता तर?"

बरातने काटकी टाकून दिली. "दहाव्या विहिरीत निघाला असता. वाकला तिथून सहाच हात राहिले होते."



"अंगावर काय होतं?" इनायतने विचारलं.

"पांढरे कपडे. आमच्यात पांढरे घालूनच उतरतात. जीव गेलाच तर कफन अंगावर असतं."

"आणि घरचे कपडे?"

"वर. रहाटावरच्या माणसाकडे."

"रहाटावर कोण असतो?"

"माझ्या रहाटावर माझा सख्खा भाऊ आहे. दोर त्याच्या हातात असतो, आगा. परक्याच्या हातात आपला जीव कोण देईल?"

दुसऱ्या दिवशी इनायत तूबाच्या घरी गेला. अंगणात डाळिंबाखाली मश कुर्बान बसला होता. यदुल्लाचा धाकटा भाऊ, वय ब्याऐंशी. त्याने लग्न केलं नाही. भावजयीला आणि पुतणीला त्यानेच पोसलं, तूबाचं लग्न त्यानेच लावून दिलं. आता तूबा आपल्या या अमूला, चुलत्याला, भाकरी दुधात कुस्करून भरवत होती.

"मश कुर्बान, त्या दिवशी रहाटावर कोण होतं?"

"परगावचा एक होता. रुस्तम. पुढे इथेच राहिला, इथेच वारला."

"आणि तुम्ही?"

"शेळ्या घेऊन डोंगरावर."

"यदुल्ला जाताना कोणत्या कपड्यात होता?"

"तपकिरी कोटात. सगळ्या गावाला माहीत आहे, मला काय विचारता?"

इनायतने मान डोलावली आणि तूबाकडे वळला. "कुवेतहून काही यायचं का, खानम?"

"दर नौरोजला कापडाचा एक तुकडा यायचा. ट्रकवाल्याने दिला म्हणून अमू घेऊन यायचे. आईने एकही उघडला नाही. त्याचं काही नको मला, म्हणायची. शेवटचा अजून पेटीत पडलाय."

"आणा बरं."

तूबाने पुडकं आणलं. सुतळी कुजली होती. इनायतने कापड उलगडलं, किनार बोटांनी चाचपली आणि तिच्या हातात दिलं.

"तुमची आई विणकरीण होती. तुम्हीही मागावर बसलात. सांगा, हे कुठलं?"

तूबाने कापड उजेडात धरलं. तिचा चेहरा उतरला.

"यज्दचं," ती म्हणाली. "आपल्या बाजारातलं. ही किनार दुसरीकडे कोणी काढतच नाही."

म्हाताऱ्याने दुधाचा वाडगा खाली ठेवला.

"खानम, बसा," इनायत म्हणाला. "सांगतो. यदुल्ला पांढऱ्या कपड्यांत मेला, म्हणजे काम करायलाच उतरला होता. त्याचा कोट मात्र दुसऱ्या पहाटे सडकेवर चालत होता. कोट काही आपण होऊन चालत नाही. ज्याच्या ताब्यात होता त्यानेच तो घातला. म्हणजे रहाटावरच्या माणसाने."

"रुस्तमने?"

"परक्याची पाठ तुमच्या आईने ओळखली असती. तिला नवऱ्याची पाठ दिसली, कारण तशी पाठ गावात आणखी एकाचीच होती. भावाची. आणि मुकन्नीच्या रहाटावर भावाशिवाय कोण उभं राहतं? यदुल्ला कुवेतला कधी पोचलाच नाही, मग कापड पाठवणारा कोण? जो ते आणून देत होता, तोच. रुस्तम नावाचा माणूस माझ्या कुठल्याच वहीत नाही, मश कुर्बान."

तूबाने चुलत्याकडे पाहिलं. "अमू, म्हणा ना, हा खोटं बोलतोय म्हणून."

मश कुर्बान जमिनीकडे बघत बोलू लागला.

"दुपारी कोसळलं," तो म्हणाला. "दोर एकदम ढिला पडला. मी जमीनदाराकडे धावत गेलो. माणसं द्या, अकरावी रुंद करून काढू म्हटलं. तो म्हणाला, विहीर रुंद केलीस तर सगळी माती पाटात येईल, पाणी बंद पडेल. गहू दाण्यात आलाय. चाळीस घरं आहेत. तुझा भाऊ गेला, आता गाव मारू नकोस."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मी म्हटलं, तो आतून ठोकतोय. मला ऐकू येतंय. तो म्हणाला, दगड बसतायत. मग म्हणाला, मेला असं सांगितलंस तर बाई विहिरीवर येऊन बसेल, माणसं जमतील, खणायला लागतील. त्यापेक्षा विहीर दगडांनी भरून टाक आणि गेला म्हणून सांग. कोट आहे ना तुझ्याकडे." म्हातारा तूबाकडे वळला. "बावीस वर्षांचा होतो गं मी."

"मी पाच वर्षांची होते," तूबा म्हणाली.

सांगायचं आणखी एक उरलं होतं. इनायतला वाटलं, ते गिळून टाकावं. पण बाईने खरं विचारलं होतं, आणि साठ वर्षं तिला खोटंच मिळालं होतं.

"दिव्यात तेल दीड दिवसाचं होतं," तो सावकाश म्हणाला. "कोसळलं दुपारी. पहाटे आईने हाका मारल्या."

तूबाला कळायला क्षणभर लागला. तिने डोक्यावरची चादर तोंडाशी धरली.

"म्हणजे तेव्हा बाबा..."

"जिवंत होता. दिवा जळत होता. सरळ खोदत होता, गावाच्या रोखाने. आई ज्याला पाठमोरा जाताना बघत होती तो दुसराच होता, खानम. तुमचा बाप घराकडे येत होता. दिवा विझल्यावरही येतच होता."

तूबा मोठ्याने रडली. आईच्या मरणालासुद्धा ती अशी रडली नव्हती. इनायतला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

शुक्रवारी सकाळी कबर खणली गेली. मुल्लाने कुठे म्हणून विचारलं तेव्हा तूबाने आईच्या शेजारची जागा दाखवली.

"तू शब्द दिला होतास ना?" एक म्हातारी कुजबुजली.

"ज्याच्याबद्दल दिला होता तो हा नव्हे," तूबा म्हणाली.

आता कबरीत उतरायचं होतं. वरून मुल्ला दुआ वाचतो आणि खाली उतरलेला मेलेल्याचा खांदा हलवून त्याला नावाने हाक मारतो, ऐक म्हणतो. हे काम सर्वांत जवळच्या पुरुषाचं. तूबाचा नवरा पुढे झाला.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "अमू उतरतील."

दोघांनी म्हाताऱ्याला बगलेत धरून खाली सोडलं. कफनात मूठभर हाडं होती. मश कुर्बानने हात खांद्याच्या जागी ठेवला.

"यदुल्ला," तो म्हणाला. "ऐकतोस ना? यदुल्ला."

मुल्लाचं वाचून झालं तरी तो हाका मारत राहिला. मग त्याचा आवाज बसला. तो उभा राहिला, काठ धरायला हात वर केले, पण काठ त्याच्या हाताला लागेना. वरची माणसं जागची हलली नाहीत. सगळ्यांना आता सगळं कळलं होतं, आणि सगळे तूबाकडे बघत होते.

तूबा खाली बघत होती. म्हाताऱ्याने वर पाहिलं नाही. त्याने हात खाली घेतले आणि तो तसाच उभा राहिला, कोणाला काही न मागता.

बराच वेळ गेला.

"बघत काय उभे राहिलात?" तूबा एकदम ओरडली. "माणूस खाली आहे! काढा त्याला वर."

आणि कोणी पुढे व्हायच्या आत ती स्वतःच गुडघ्यांवर बसली आणि तिने हात खाली दिला.