चांदीचा कान

शहाहत्तर साली हिंगोलीत जनावरांचा विमा उतरवणारा एजंट शोधायला फार विचारपूस करावी लागत नसे. "वास आला की भिवाजीची खोली आली समजा," असं एसटी डेपोवरचे हमाल चिडवायचे. विम्याचं जनावर मेलं, की कानात मारलेल्या नंबराच्या बिल्ल्यासकट तो कान कापून आणायचा, असा कंपनीचा नियम होता. आणि खेड्यापाड्यांतून कान यायचे ते कुजूनच.

रूपाबाई शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून आली, तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती.

"चांदी गेली, साहेब. चार दिस झाले," फडक्याची गाठ सोडत ती म्हणाली.

नवरा वारल्यापासून त्या एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चालत होतं. विम्याचे पैसे मिळाले, तरच दुसरी म्हैस दारात येणार होती.

भिवाजीनं सवयीनं नाकाला रुमाल लावला आणि काढला. वास येतच नव्हता. बिल्ल्याचा नंबर वाचायला त्यानं कान उचलला, तर तो नुकता कापल्यासारखा हाताला ऊन लागला.

त्याचं डोकं फिरलं. जिवंत जनावराचा कान कापून पैसे उकळणारे महाभाग त्यानं पाहिले होते.

"बाई, म्हैस जित्ती हाय. काहून खोटं बोलून राहिल्या?"

"लेकरांची आण, साहेब. तुमी सोता चला, डोळ्यानं बघा."

कान पिशवीत टाकून तो तिच्याबरोबर गेला. तांड्यामागच्या माळावर गिधाडांनी नुसती हाडं ठेवली होती. कवटीचं डावं शिंग टोकाला मोडलेलं होतं. बिल्ला मारताना ते शिंग भिवाजीनं स्वतः पाहिलं होतं. म्हैस चांदीच होती, आणि मेलेली होती.

हाडं पाहून रूपाबाईला राहवलं नाही.

"चांदे, माझी माय गं," ती पुटपुटली.

पिशवीत काहीतरी हललं.

भिवाजीनं आत पाहिलं. कान ताठ उभा होता.

रूपाबाई हुंदके देत कवटीच्या पलीकडे गेली. कान तिकडे वळला.

त्यानं पिशवी मिटली.

तो मनातून पुरता घाबरला होता. पण हा कान कंपनीच्या साहेबांपुढे ठेवला, तर म्हैस जिवंत ठरणार आणि बाईच्या तोंडचा घास जाणार, हेही त्याला कळत होतं. त्याला तिची फार दया आली. त्यानं बिल्ला सोडवून घेतला आणि कान तिथंच खोल पुरला. कान किडला होता, माझ्यासमोर पुरला, असं त्यानं कंपनीत सांगितलं. कंपनीशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

पैसे मंजूर झाले. दिवाळीच्या सुमारास तो नव्या म्हशीला बिल्ला मारायला तांड्यावर गेला. रूपाबाईनं घट्ट दुधाचा चहा दिला. तिच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. भिवाजीला बरं वाटलं.

"हिचं नाव काय ठेवलं?"

"नावाचं काय, साहेब. हाक मारली की दोघी येतात."

पाहुणे आल्याचं सांगावं, तितक्या सहज ती बोलली. भिवाजीनं कपबशी खाली ठेवली.

"आल्यावर उपाशी कशी धाडू? तिनंच तर आमाला जगवलं."

त्यानं गोठ्यात पाहिलं. नवी म्हैस अलीकडच्या भिंतीला चिकटून उभी होती. तिच्यापुढं पेंडीचं चाटलेलं घमेलं होतं. दुसरं घमेलं पार पलीकडच्या भिंतीशी होतं, तिचं दावं पोचणार नाही इतकं लांब.

तेही चाटून साफ केलेलं होतं, आणि अजून ओलं होतं.