कोंबडीचा श्रावण

"नखं कशाला तपासताय? सोयरीक जमवाय आलाय का तिची?"

मनू फटकन बोलून गेली आणि मग तिनंच जीभ चावली. आषाढाची भुरभुर चालू होती. इस्लामपूरच्या बाजारात तिच्या कोंबड्यांच्या डालग्यापुढं उकिडवा बसलेला, इस्त्रीच्या टेरिलीन शर्टातला तो तरुण मान वर करून बघायला लागला. डोळे मोठे हसरे होते. मेल्याला हसायला काय झालं, असं मनूला वाटलं... आणि बघतच राहावं, असंही वाटलं.

"सोयरीक बी जमवू की," तो म्हणाला. "पर आज कोंबडीच पायजे. गावरान हाय न्हवं?"

"तर! उकिरडा उकरून, किडं टिपून वाढलीय."

"आई तापातनं उठलीय. अळणी रस्सा द्यायचाय तिला."

भाव न करता त्यानं कोंबडी घेतली. भुरभुर वाढली तसा खिशातला रुमाल काढून त्यानं कोंबडीवर धरला, आणि स्वतः भिजत सायकल ढकलत निघून गेला. तिथंच मनू कामातून गेली.

शेजारी अंडी विकणारी बनुबाई खुदकन हसली. "अगं, नानासोचा सयाजी त्यो. कॅनॉलकडंला पोल्ट्री हाय त्यांची. पाचशे पांढऱ्या कोंबड्या!"

पाचशे कोंबड्यांचा मालक कोंबडी विकत नेतो? मनूच्या डोक्यात किडा वळवळला. पुढच्या बाजारी तो आला, तेव्हा तिनं थेटच विचारलं.

सयाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पत्र्याखाली लय दाटीनं राहत्यात त्या. रोग पडू न्हाई म्हणून रोज पाण्यातनं औषध... लवकर भराव्यात म्हणून खाद्यातनं बी. आजारी माणसाला ते... नको वाटतं."

"तुमच्या आईला नको. आन लोकांच्या आईला?"

त्यानं मान खाली घालून सायकल वळवली. आता हा काही यायचा नाही, असं मनूला वाटलं. पण तो आला. पुढच्या बाजारी आला, त्याच्या पुढच्याही आला. कधी कोंबडी घ्यायला, कधी नुसतंच "पाऊस हाय न्हवं आज" असं सांगायला. आणि एक दिवस त्याच्या वडिलांनी, नानासोंनी, मनूच्या वडिलांकडं शब्द टाकला.

मनूचे वडील नाथाजी पलटणीतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी मिशीला पीळ भरला आणि बापलेकांना आखाडाच्या जेवणाचं आवतण दिलं.

मनूला सयाजी हवा होता. मनापासून हवा होता. पण ज्या घरात विकायची कोंबडी वेगळी आणि खायची वेगळी, त्या घरात ताठ मानेनं कसं नांदायचं? तिनं आपली गावरान डालग्यातच ठेवली आणि गुपचूप बाजारातून पांढरी आणून शिजवली.

नानासोंनी भाकरी कुस्करली. "गावरानच न्हवं गं, पोरी?"

"न्हाई, नाना. तुमच्याच पोल्ट्रीतली."

हात ताटातच राहिला. मनूची मान खाली गेली नाही. "जे तुमच्या चुलीवर चढत न्हाई, ते तुमी लोकांच्या चुलीवर चढवताय. असल्या घरात मला न्हाई नांदायचं."

नानासो भरल्या ताटावरून उठले. नाथाजींना कुठं तोंड लपवावं कळेना. सयाजी अंगणात हात धुवायला आला. मनूच तांब्या घेऊन पाणी घालायला गेली.

"औषध बंद केलं तर मरत्यात गं त्या," तो हळूच म्हणाला.

"आजारी हाय तिला द्या की. कोण नको म्हणतंय? पर कापाय द्यायच्या आदी महिनाभर तिला श्रावण पाळाय लावा. आपण न्हाई पाळत?"

"कोंबडीला... श्रावण?"

पाणी पडत राहिलं आणि तो हात चोळायचा विसरला. मग एकदम हसला, आणि सायकलवर टांग मारून गेला.

सगळा श्रावण मनूनं गावाची बोलणी खाल्ली. चालून आलेलं स्थळ घालवलं, लय शानी झालीय. नाथाजी दोन दिवस ओसरीवरच जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पलटणीत आमचा सायब लंगरातलं आदी सोता चाखायचा. मगच जवानास्नी वाढायचं. बरूबर बोललीस तू." मनूचा ऊर भरून आला. तरी चुलीपुढं एकटी बसली की डोळे भरायचे, आणि ते धुरानं नव्हे हे तिला ठाऊक होतं.

श्रावण सरला आणि दारात सायकलची घंटी वाजली. सयाजीच्या काखेत पांढरी कोंबडी, तिच्या पायाला तांबडा दोरा.

"हिनं आख्खा श्रावण पाळलाय," तो धापा टाकत म्हणाला. "औषध न्हाई, कायबी न्हाई. मका, जवारी आन मोकळं अंगण. निम्म्या कोंबड्या कमी केल्या, दाटीच मोडली. दारावर चुन्यानं लिवलंय... श्रावण चालू, विक्री बंद. लोक आदी हसलं. आता बाजारात इचारत्यात, श्रावण पाळलेली हाय का?"

"आन घरात?"

"काल हिची भन चुलीवर चढली. आईनं रस्सा प्याला. नाना बी जेवलं."

"काय म्हणालं?"

"म्हणालं, पोरगी लय आगाऊ हाय..." तो थांबला. "असली घरात पायजेच."

मनूनं कोंबडी शिजवली. सयाजी जेवायला बसला. पहिला घास त्यानं सगळ्यांदेखत घेतला आणि रस्सा पुन्हा मागितला. ती वाकून वाढत होती, तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "तिचा श्रावण सुटला, मनू. माझा... कवा सुटायचा?"

मनूनं रश्श्याचं भांडं खाली ठेवलं. आत गेली. सयाजीचा घास हातातच थांबला.

ती आली ती स्वतःचं ताट घेऊन. वडील ओसरीवरून बघत होते, तरी तिनं ते त्याच्या ताटाशेजारी मांडलं, मांडी घातली, आणि त्याच्या पोल्ट्रीतल्या कोंबडीचा घास सावकाश, ताठ मानेनं खाल्ला.

"सुटला," ती म्हणाली.