दोन ठोके

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी सुतार आहे, गोष्टी रचणं मला जमत नाही. हे आमच्या कुमासी शहरात, सुआमेच्या गॅरेजांच्या वस्तीत, भर दुपारी घडलं. रविवार होता. सगळे चर्चमध्ये. एरवी कान किटवणारी वस्ती अगदी चिडीचूप.

माझा मोठा भाऊ ओफोसू कुमासी ते अक्रा प्रवासी व्हॅन चालवायचा. सुतारकाम धरण्याआधी मी त्याचाच कंडक्टर होतो. आमची भाषा ठोक्यांची. पत्र्यावर एक ठोका... कुणाला तरी उतरायचंय. दोन ठोके... जाऊ दे!

त्याच रस्त्यावर, कोनोंगोच्या वळणावर दादा गेला. गाडीचा चुराडा झाला, इंजिन तेवढं वाचलं. ते गाबोनमधल्या लिब्रव्हिलच्या एका गॅरेजवाल्याने घेतलं. बोटीने पाठवायचं होतं, म्हणून लाकडी खोका बनवायचं काम माझ्याकडेच आलं.

आमच्यात अपघातात गेलेल्याचा जीव रस्त्यावरच थांबतो. घरच्यांनी तिथे जाऊन नावाने हाक मारायची, तेव्हा तो घरी येतो. ते अजून व्हायचं होतं.

"भावोजी, आधी ह्यांना घरी आणा. मग पाठवा ते धूड," सेरवा वहिनी म्हणाली.

"बोट काय आपल्या सोयीने सुटते होय गं?" मामा करवादले. आमच्या घरात मामाचा शब्द शेवटचा. "अदू, तू ठोक खिळे. हाक मंगळवारी मारू."

मी तळाला जाड वासे टाकले. इंजिन बोल्टने आवळलं. बाजूंना फळ्या मारायला घेतल्या.

खिळा ठोकला. ठक.

आतून... ठक.

आवाज घुमला असेल, म्हटलं. हातोडी खाली ठेवली. वाट पाहिली...

ठक.

एकच.

फटीतून हात घातला. तेल-पाणी कधीच काढून टाकलेलं ते लोखंड... गरम होतं. नुकतंच लांबून आल्यासारखं.

भराभरा झाकण ठोकलं. ट्रकवाले आले, खोका वर चढला, आणि जुन्या सवयीने माझा हात आपोआप उठला. फळीवर दोनदा थाप मारली. "जाऊ दे!"

आतला आवाज बंद झाला.

मंगळवारी वळणावर मामांनी पांढरं कापड पसरलं, दारू ओतली, हाका मारल्या. जीव सोबत आला की परत येताना त्या कापडाचं गाठोडं जड लागतं म्हणतात. वहिनीने ते मांडीवर घेतलं होतं.

"भावोजी... हे रिकामं आहे."

मी तिला ते दोन ठोके सांगितले.

"म्हणजे तुम्हीच त्यांना पाठवून दिलंत?" एवढंच ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एक दिवस लिब्रव्हिलहून फोन आला. गॅरेजवाला हसत होता. "इंजिन झकास आहे हो! एका व्हॅनला बसवलंय. फक्त गाडीवर कुणी एक थाप मारली की बंद पडतं. दोन मारल्या की आपोआप चालू!"

वहिनीने फोन हिसकावला. "भाऊ, एकच मारा. आणि दार उघडा. पूर्ण उघडा."

थाप ऐकू आली. इंजिन थांबलं. दार सरकलं...

"उघडलं. कुणी नाही इथे." मग जरा वेळाने, दबक्या आवाजात, "ताई, दोन थापा मारल्या... आता चालूच होत नाहीये."

वहिनी फोन कवटाळून हसली, मग रडली. तेव्हापासून ती रोज अंगणात पाण्याची बादली भरून ठेवते. अंघोळ करूनच घरात यायची दादाची सवय.

बादली रोज तशीच भरलेली असते.

दादा उतरला, हे खरं. पण जन्मभर त्याने कुमासी ते अक्रा हा एकच रस्ता पाहिला. मध्ये समुद्र आहे... लिब्रव्हिलहून घर कुठल्या दिशेला, हे त्याला कोण सांगणार?