मेंढवाड्याचं दार

पिकअपचा हॉर्न वाजला आणि एकसष्ट मेंढ्या एकसष्ट दिशांना पळाल्या.

हॉर्न वाजवणारा तरुण घाईघाईने खाली उतरला. रस्त्याच्या मधोमध एक मुलगी काठी टेकून उभी होती. घरात सगळे तिला थोरली म्हणत. धाकटी बहीण शिकायला शहरात गेल्याला दोन वर्षं झाली होती, घरात वडील, आत्या आणि ही असे तिघेच उरले होते, पण थोरली ती थोरलीच. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "घाई आहे का?"

"थोडी... आहे."

"मग आता जरा जास्त करा. तुम्ही पळवल्यात, तुम्हीच गोळा करा."

बिचाऱ्याने गोळा केल्या. एका मेंढीमागे धावताना तो चरात पडला, एका एडक्याने त्याला मागून ढुशी दिली, आणि थोरली पुलाच्या कठड्यापाशी उभी राहून, परत येणारी एकेक मेंढी ओठातल्या ओठात मोजत राहिली. शेवटी म्हणाली, "साठ."

दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. एकसष्टावी मेंढी पिकअपच्या हौद्यात, लोखंडी पाइपांवर, मोठ्या ऐटीत उभी होती.

"चोरून नेत होतात की काय?"

"नाही हो... ती आपणहून चढली."

"आमच्या मेंढ्यांना माणसांची पारख आहे असं मी समजत होते," थोरली म्हणाली, आणि मग तिला हसू आवरलं नाही. त्याच्या केसांत गवताची काडी अडकली होती. ती सांगावी की नको, या विचारात तिने सांगितलीच नाही.

मग त्याने कपडे झटकत पत्ता विचारला. राखीव रानाच्या कडेला राहणाऱ्या मेंढपाळाचं घर कुठलं? त्यांच्याकडे मेंढवाडा बांधायचा आहे.

घर तिचंच होतं.

ते राखीव रान एक संस्था सांभाळत होती. रान सांभाळायचं तर रानाच्या शेजाऱ्यांनाही सांभाळायला हवं, हे त्या लोकांना कळलेलं होतं. दर मंगळवारी त्यांचा दवाखाना गाडीत बसून गावोगाव यायचा. आटलेल्या विहिरी त्यांनी खोल करून दिल्या होत्या. रानात पहारा देणारी माणसंही याच गावांमधली होती. पण बिबट्याला कुंपणाची रेघ कुठे समजते? गेल्या वर्षभरात थोरलीच्या घरच्या नऊ मेंढ्या त्याने नेल्या होत्या. म्हणून संस्थेने ही नवी योजना काढली. वरूनही जाळी असलेला पक्का मेंढवाडा. लोखंड, जाळी आणि वेल्डर संस्थेचा, दगड, खड्डे आणि अंगमेहनत घरची. आणि एक अट – मारलेल्या मेंढीत विष घालून बिबट्याला मारायचं नाही.

वडिलांना या कशाचंच अप्रूप उरलं नव्हतं. त्यांची पाठ दुखायची, मन त्याहून दुखायचं. शहरातल्या भावाने त्यांच्यासाठी गोदामावर राखणदाराचं काम पाहून ठेवलं होतं, आणि कळपासाठी एक व्यापारी तयारच होता. थोरलीने हट्ट धरला म्हणून ते मेंढवाड्याला कबूल झाले. पण बजावून ठेवलं, "वाडा झाल्यावर एक जरी मेंढी गेली, तरी कळप विकायचा. मग रडायचं नाही."

थोरली "बरं" म्हणाली खरी. पण कळप गेला तर आपण शहरातल्या दोन खोल्यांत दिवसभर काय करणार, हे तिला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना. रान, मेंढ्या आणि डोक्यावरचं आभाळ, यांशिवाय तिला काही ठाऊकच नव्हतं.

काम बारा दिवस चाललं. वडिलांना वाकता येत नव्हतं, म्हणून घरची अंगमेहनत थोरलीच्या वाट्याला आली. ती खड्डे खणायची, पाइप धरायची, आणि तो पिकअपवाला तरुण, म्हणजे संस्थेचा वेल्डर, जोड द्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगून ठेवलं की निळ्या उजेडाकडे बघायचं नाही, डोळे जातील. त्यामुळे तो काम करत असला की तिने मान फिरवायची, आणि थांबला की वळायचं. ती वळे तेव्हा तो तोंडावरचा मुखवटा वर करून तिच्याकडेच पाहत असे.

"सारखा सारखा मुखवटा वर का करता?" तिने एकदा विचारलंच.

"काळी काच आहे. तिच्यातून ठिणगीशिवाय काही दिसत नाही."

"मग आणखी काय बघायचं असतं?"

"जोड सरळ बसलाय का ते..." त्याने काच बाहीने पुसली. "या कामात जरा जास्तच वेळा बघावं लागतंय."

थोरलीच्या हातातला पाइप तिरका झाला, आणि तो जोड पुन्हा द्यावा लागला.

आत्या ओसरीवर बसून लोकर पिंजायची. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. ती दोनदा नुसतीच खाकरली, आणि तिसऱ्यांदा भावाला म्हणाली की हा वेल्डर फार मन लावून काम करतो हो, एकेका जोडाला तासभर घालवतो.

दारावरून मात्र बिनसलं. संस्थेच्या नकाशात दार सहा फुटांचं होतं, म्हणजे सगळा कळप झटकन आत जाईल. थोरली म्हणाली, दार अरुंद हवं, एका वेळी एकच मेंढी जाईल इतकं. त्याशिवाय मोजायचं कसं? वेल्डर म्हणाला की याच मापाचे अठ्ठावीस वाडे त्याने आजवर बांधले, कुणाची तक्रार नाही. तो हसत म्हणाला, आणि ते हसू तिला इतकं आवडलं की तिने मुद्दा सोडून दिला. सहा फुटांचं दार बसलं.

पहिल्या संध्याकाळी मोठ्या थाटात दार उघडलं. पाटाचं पाणी सुटावं तसा कळप आत शिरला. दाराशी ती एका बाजूला उभी होती, तो दुसऱ्या. त्याने विचारलं, चरात पडलो होतो त्या दिवशी माझ्या केसांत गवत होतं ते तुम्ही का सांगितलं नाहीत? मला घरी जाऊन आरशात कळलं. ती म्हणाली, शोभत होतं म्हणून. दोघंही हसली. कडी लागली. गार वारा सुटला होता, जाळीला ताज्या रंगाचा वास होता, आणि तो निघून गेल्यावरही ती बराच वेळ अंगणात उगाच रेंगाळत राहिली.

सकाळी वाड्यात साठच मेंढ्या होत्या.

जाळी शाबूत होती, कडी शाबूत होती. एकसष्टावी आत गेलीच नव्हती. लंगडत चालणारी ती म्हातारी मेंढी मागे ओढ्याशी राहिली होती. तिथे वाळूत बिबट्याची पावलं होती, आणि थोडी लोकर.

वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तोंड धुतलं, पंच्याने पुसलं, आणि रविवारी व्यापाऱ्याला बोलावतो एवढंच म्हणाले. तो गुरुवार होता.

तेवढ्यात वेल्डर आपलं सामान न्यायला आला. घरातली शांतता पाहून त्याला काय झालं ते विचारावं लागलं. आत्याने सांगितलं. तो तसाच वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

"चूक माझी आहे. यांनी दार अरुंद करायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

वडील काही बोलणार, एवढ्यात थोरली पुढे आली.

"दाराची चूक यांची असेल. मोजायचं काम माझं होतं. मी मोजलंच नाही, अण्णा."

"सात वर्षांत तू एक संध्याकाळ चुकवली नाहीस," वडील म्हणाले. "तापात असताना मोजलंस. मग काल काय झालं होतं?"

आता खोटं बोलायचं तर शंभर कारणं होती. अंधार पडत होता, गर्दी झाली, वारा होता... थोरलीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग मान वर केली.

"मी यांच्याकडे बघत होते."

ओसरीवर आत्याचा हात थांबला. वेल्डरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मीही... मेंढ्यांकडे बघत नव्हतो," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे दोघांच्या चार डोळ्यांपुढून मेंढी गेली," आत्या म्हणाली. "बिबट्याला उगाच बोल लावतो आपण."

खोटं बोलून सुटता आलं असतं, आणि दोघांपैकी एकही सुटायला गेलं नव्हतं, हे वडिलांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. ते म्हणाले, "दार कापायला किती वेळ लागेल?"

"संध्याकाळपर्यंत होईल."

"मग उभे काय राहिलात? रविवारपर्यंत बघतो. रविवारी मात्र व्यापारी येणार."

त्या दिवशी दोघांमध्ये चेष्टामस्करी झाली नाही. तिने थोराड एडक्याची शिंगं धरून ठेवली, त्याने त्याची रुंदी टेपने मोजली, आणि त्यावर चार बोटं जागा सोडून दार उभं केलं. संध्याकाळी एकेक मेंढी आत गेली. या खेपेला वडील स्वतः शेजारी उभे राहिले. साठ. शुक्रवारी साठ. शनिवारी साठ.

रविवारी सकाळी वाड्याभोवती पावलंच पावलं उमटलेली होती. बिबट्याने दोन पूर्ण फेऱ्या मारल्या होत्या, एका कोपऱ्यात जाळीवर नखं घासली होती, आणि मग तो आल्या वाटेने रानात परतला होता. आत मेंढ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या. वडिलांनी त्या पावलांमागे वाकत वाकत दोन फेऱ्या स्वतः घातल्या. पाठ दुखत असल्याचं त्यांना आठवलंच नाही. दहाच्या सुमारास व्यापारी आला. त्याला चहा मिळाला, वाडा दाखवण्यात आला, आणि कळप विकायचा नाही असं सांगून रवाना करण्यात आलं.

सोमवारी सकाळी थोरली कळप बाहेर काढायला गेली, तर वेल्डर नवा नकाशा घेऊन हजर. त्यात दार अरुंद काढलं होतं. संस्थेच्या लोकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं. आधीचे अठ्ठावीस वाडेही तपासायचं ठरलं होतं. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असं नसतं, असं तिथल्या बाई त्याला म्हणाल्या होत्या. आणि पुढच्या गावांत मापं सांगायला आठवड्यातून दोन दिवस थोरलीने यावं, अशी त्यांनी विनंती केली होती, रीतसर पगारावर.

"कळपाचं काय?" तिने विचारलं. ती दारातच उभी होती, आणि तिच्यामागे मेंढ्या खोळंबल्या होत्या.

"दोन दिवस अण्णा नेतील म्हणाले."

"अण्णांना तुम्ही कधी विचारलंत?"

"आत्ताच. ओढ्यावर भेटले होते." त्याने नकाशाची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली. "आणखीही एक विचारलं."

"काय?"

"तेच जे... तुम्हाला विचारायचंय. तर ते म्हणाले, मला काय विचारतोस, तिला विचार."

मागच्या मेंढ्या आता बें बें करून कल्ला करू लागल्या होत्या. थोरलीला सगळं समजलं होतं, तरी ती सरकली नाही.

"मग विचारा ना."

"लग्न कराल माझ्याशी? मी... इथेच राहीन. माझं काम या गावांमध्येच फिरतं असतं. तुम्हाला रान सोडावं लागणार नाही."

"इथे पहाटे उठावं लागतं."

"उठेन."

"आत्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं."

"ते अंगवळणी पडलंय."

थोरलीने खाली पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाली. साठ मेंढ्यांच्या कालव्यात त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याने कानामागे हात नेला. ती पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने. त्याने हताश होऊन, ऐकू येत नाही अशी मान हलवली. तेव्हा मात्र तिने छातीभर श्वास घेतला आणि गावाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली, "हो म्हटलं, हो. करीन लग्न."

आणि नेमक्या त्याच वेळी मेंढ्या गप्प झाल्या.

ओढ्याकडून येणारे वडील जागच्या जागी थांबले. ओसरीवर आत्याने लोकर बाजूला ठेवली.

"ऐकलं गं बाई," ती म्हणाली. "आता दारातून बाजूला हो, जनावरं उपाशी आहेत."